बिनगुळाची बाजू

औरंगाबाद
१४ एप्रिल १९९६

दादा,

तुझ्या आणि वहिनीच्या पाया पडते. कन्नडला बस बदलून मी नीट पोचले. तू विचारणार नाहीस हे माहीत आहे, तरी कळवते.

हे पत्र सरूच तुम्हाला वाचून दाखवील. तुम्हा दोघांना अक्षर येत नाही, आणि मी इकडं शिकायला आल्यापासून घरात वाचणारी तीच. त्यामुळे काय लिहावं आणि काय लिहू नये, याचा विचार मी बसमध्ये करत होते. शेवटी ठरवलं, तुझ्या लेकीपासून लपवावं लागेल असं काही लिहायचंच नाही.

खळ्यात तू म्हणालास, "तुझ्या शाळेनं माझा मळा खाल्ला." मी फक्त सगळं माझ्या बाजूनं कसं दिसलं, ते लिहिते. चुकलं असेल तिथं दुरुस्त कर.

गेल्या वर्षी बियाच्या कांद्याचे गोंडे फुलले होते आणि तू पाठीवर पंप घेऊन त्यांना गुळाचं पाणी मारत होतास. कांद्याच्या फुलाकडे मधमाशी आपणहून फारशी येत नाही. ती आली नाही तर बी भरत नाही. म्हणून आपल्याकडे सगळेच गूळ मारतात, म्हणून आपणही मारतो. सरू बांधावर पेरू खात बसली होती. तिनं विचारलं, "अण्णा, माशीला पातीवरच गूळ चाटायला मिळाला तर ती फुलात काहून जाईल?"

शेजारच्या मळ्यातून सांडूकाका म्हणाले, "माशीला इचारून सांगतो गं, जरा दम धर." तू हसलास. मीही हसले असते, पण मला उत्तर येत नव्हतं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी, आणि मला हे कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

इकडं आल्यावर तो प्रश्न मी लासूरकर मॅडमना सांगितला. माझं संशोधन त्यांच्या हाताखाली चालायचं होतं आणि विषयच ठरत नव्हता. मॅडम चहा ढवळत होत्या. त्यांनी चमचा बशीत ठेवला.

"पुन्हा सांग. कोण म्हणालं हे?"

"माझी भाची, भावाची मुलगी."

"कितवीत?"

"पाचवीत."

"आणि आपल्या विभागात आपण सगळे डॉक्टर. छान." त्यांनी त्याच बैठकीत विषय लिहून दिला.

मग मी तुझ्याकडे मळा मागितला. विहिरीकडच्या अर्ध्या भागाला गूळ मारायचा, बाभळीकडच्या अर्ध्याला मारायचा नाही. तू म्हणालास, "निम्मा तर निम्मा. पोरीनं इचारलंय, बघू तर काय व्हतंय." दोष द्यायला हे लिहीत नाही. मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की मी ते इकडं सगळ्यांना सांगितलं होतं. सरूनं तेव्हाच दोन्ही बाजूंना नावं दिली, गुळाची बाजू आणि बिनगुळाची बाजू.

पुढचं कुणाच्या हातात नव्हतं. ऐन फुलोऱ्यात आभाळ भरून आलं आणि उघडेचना. मी तेव्हा इथं विभागाच्या परीक्षांत अडकलेली. सरू शाळा सुटली की मळ्यात जाऊन उभी राहायची, माशा बघायला. सांडूकाका तिला म्हणायचे, "झाली का गं माश्यांची हजेरी? गैरहजर कोन कोन?" मग बी पोचट निघालं. बाभळीकडची बाजू रस्त्याला लागून, म्हणून येणारा जाणारा तिकडचाच गोंडा चोळून बघायचा, टरफलं फुंकायचा आणि मान हलवायचा. विहिरीकडं आत जाऊन कुणी बघितलं नाही. तूही रागानं मळ्यात फिरकला नाहीस. कापणी मजूर बायांनी केली.

मी दोन रंगांच्या पिशव्या घेऊन आले, दोन बाजूंचं बी वेगळं मोजायला. खळ्यात एकच ढीग होता. वहिनी पाटी आपटून म्हणाली, "मीच कालवलं. ही बाजू लेकीची नि ती बाजू बापाची, असं करून लोकं माझ्या पोरीकडं बोटं दाखवत्याल. आता दाखवा म्हणावं."

वहिनी, मी रागावलेली नाही. तुझ्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण कोणत्या बाजूला किती भरलं होतं, हे आता कुणालाच कळणार नाही.

मी निघाले तेव्हा सरू कुठं दिसली नाही. ती कशी आहे? हे वाचताना तिच्या तोंडाकडं बघ आणि मला कळव.

मनकर्णा


औरंगाबाद
९ जून १९९६

दादा,

पत्र मिळालं. सरूचं अक्षर चांगलं झालंय, ओळी मात्र थोड्याच. "पत्र मिळालं. इकडं सगळं बरं आहे. पाऊस नाही. अण्णा म्हणतात कामाचं असलं तरच लिहीत जा." मी ते पुन्हापुन्हा वाचलं. त्यातलं तू सांगितलेलं कोणतं, हे मला ओळखता आलं नाही. मी सरूबद्दल विचारलं होतं, त्याला उत्तर नव्हतं. तुला ते द्यायचं नसेल, असं समजले.

परवा बसस्थानकावर सांडूकाका भेटले. मुलीकडं निघाले होते. मला बळंच बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "तुमची हजेरीवाली मास्तरीण मुकी झाली म्हण की."

"मुकी म्हणजे?"

"तशी बोलती. पन इचारत नाय काय. पयले माणसाला उभं राहू देत नव्हती, काका हे काहून, काका ते काहून. परवा मीच मुद्दाम म्हणलं, सरू, बैलाला वरचे दात काहून नसत्यात गं? तर म्हणली, नसत्यात तर नसत्यात." काका हसायला लागले आणि मध्येच थांबले. "शाळंत बी जायचं नाय म्हणती. बाप जा म्हणतोय, ती नाय म्हणती. मीच लई चेष्टा केली काय गं?"

मी काकांना नाही म्हटलं. बस लागली, ते गेले.

दादा, मी मनात धरून बसले होते की तूच तिला घरी बसवणार. तू जा म्हणतोस, हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्याविषयी वाईट धरलं, त्याबद्दल माफ कर.

तिला वाटत असणार की तिच्या प्रश्नानं मळा गेला. तू मला बोललास तेव्हा ती खळ्यात होती, आणि माझी शाळा म्हणजे तिचाच प्रश्न, हे तिला कळत होतं. तेव्हापासून मी तिला काय सांगावं ते शोधते आहे. "तुझ्यामुळे काही झालं नाही," एवढंच लिहायचं आहे. पण ते खरं की नाही, मला माहीत नाही. ढगांनी गेलं असेल. बाभळीकडं गूळ नव्हता म्हणून गेलं असेल. दोन्ही बाजू सारख्याच गेल्या असतील. एका ढिगाकडं बघून कशावरून सांगू?

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला बरं वाटावं म्हणून आज खोटं सांगितलंस, तर उद्या खरं सांगशील तेही ती धरणार नाही." मग म्हणाल्या, "पण तू मला विचारू नकोस. मला मुलं नाहीत."

शाळा उघडायच्या आत हे पोचावं म्हणून आजच टाकते. तिला सातवीत बसव, दादा. तू समजावलंस तर ती ऐकेल. माझं ऐकेल असं मला आता वाटत नाही.

मनकर्णा


औरंगाबाद
२१ जुलै १९९६

दादा,

नोझल बसला का? दुकानदार म्हणाला होता की वायसर ढिला झाला तर परत आणा. इकडं पाऊस बरा आहे. तुमच्याकडंही असेल. त्या दिवशी तू न जेवता गेलास, ते मला लागून राहिलं. पुढच्या वेळी असं करू नकोस. वहिनीला नमस्कार.

सरू, इथून पुढचं तुझ्यासाठी. हे तू मोठ्यानं वाचणार नाहीस, हे मला आता माहीत आहे.

तुझे अण्णा मोंढ्यात पंपाचा नोझल घ्यायला आले होते. काम झाल्यावर ते वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, भांडायला आले. ते म्हणाले, "गुलमंडीत चल जरा. कापड घ्यायचंय, मला त्यातलं कळत नाय." दुकानात त्यांनी शाळेच्या ड्रेसचं कापड काढायला सांगितलं, आकाशी आणि गडद निळं. आकाशी कापड अंगठ्यानं चोळत बसले.

"घेऊ का?" मला विचारलं.

"तिनं जाते म्हटलं का?"

"नाय. पन कापड घरात असलं तर जाईल का गं? तू शिकलेली, तुला कळत असंल."

मी म्हटलं, "मला नाही सांगता येत, दादा."

त्यावर ते म्हणाले, "तुला कशाला सांगता येईल? पत्रात नुस्तं पावसापाण्याचं लिव्हतीस. आमची पोरगी घरी बसली, अन् पोरगी कशी हाय, येवढं एक अक्षर नाय. तुझ्यापायी झालं तिचं. निदान नाव तरी काढावं, मने."

मला आधी काही समजलं नाही. मग समजलं. कापडवाला मीटरपट्टीनं कापड मोजत होता आणि मी त्याच्या कात्रीकडं बघत उभी राहिले. मी म्हटलं, "चुकलं, दादा." त्यांनी दोन्ही कापडं घेतली. जेवायलाही थांबले नाहीत.

तू गाळतेस हे मी त्यांना सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. तू केलंस ते बरोबर की चूक, याचा निवाडाही करत नाही. घरात एकटीलाच वाचता येत असलं म्हणजे प्रत्येक पत्र आधी आपल्या अंगावर पडतं, हे मला माहीत आहे. स्वतःबद्दलचं स्वतःच मोठ्यानं वाचायचं, आणि तेही अण्णांसमोर, हे मला जमलं असतं असं वाटत नाही. एप्रिलमध्ये मी लिहिलं होतं, वाचताना तिच्या तोंडाकडं बघ. त्याची आज मला लाज वाटते.

मागच्या पत्रातलं "मला माहीत नाही" तू वाचलंस. त्यावर तू काय समजलीस, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ते लिहायला नको होतं, असं वाटतं. त्याच्या जागी खोटं लिहायला हवं होतं, असं मात्र वाटत नाही. तिसरं काय लिहिता आलं असतं, तेही सापडत नाही.

एक बातमी आहे. मॅडमनी विभागामागची थोडी जागा मिळवली. दिवाळीनंतर तिथं कांदे लावू, एक बाजू गुळाची, एक बाजू बिनगुळाची. मॅडमही तू दिलेलीच नावं वापरतात. माळी त्यांना विचारतो, "बिनगुळाच्या बाजूचं गवत काढू का?" आणि इथल्या प्राध्यापकांना वाटतं, हा काहीतरी शास्त्रीय शब्द असावा.

तुला उत्तर पाठवायची गरज नाही. मी अशीच मध्ये मध्ये लिहीत जाईन. तू अशीच गाळत जा. पण अण्णांना कापडाबद्दल काहीतरी सांग. नाही म्हणायचं असलं तरी सांग. ते दुकानात फार वेळ कापड धरून बसले होते.

आत्या


औरंगाबाद
११ डिसेंबर १९९६

दादा,

कार्ड आहे, म्हणून थोडक्यात. कांदे रुजले, पात चांगली आहे. सांडूकाकांचा निरोप मिळाला की कापड अजून पेटीतच आहे आणि सरू वहिनीबरोबर कापूस वेचायला जाते. सगळ्यांनी थंडीत जपा.

मनकर्णा


औरंगाबाद
२३ फेब्रुवारी १९९७

दादा,

तुझं पत्र आलं. तुझं म्हणते, कारण त्यात "अण्णा विचारतात" असं लिहिलंय. "अण्णा विचारतात, ढगात माशी पोळ्याबाहेर पडत नाय. मग गूळ मारला काय नि नाय मारला काय, माशी कुठून येणार होती?" वर खुशाली नाही, खाली काही नाही.

मी ते घेऊन मॅडमकडं गेले. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, "हे आपण लिहून ठेवलं होतं का कुठं?"

"नाही."

"का नाही?"

मी म्हटलं, "आपण गुळाचाच विचार करत होतो."

"हं. आणि हे कोण विचारतंय?"

"माझे बंधू."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "बरं. बंधूंना सांग, ढगाळ दिवसांचं वेगळं निरीक्षण आजपासून विषयात घातलं. आता फक्त ढग आले पाहिजेत."

ढग आले नाहीत, दादा. आमचे गोंडे फुलले तेव्हापासून आभाळ एकदासुद्धा भरलं नाही. रोज लख्ख ऊन. इतर कुणाला त्याचा आनंद झाला असता.

आम्ही बघितलं ते असं. गुळाच्या बाजूला माशा पुष्कळ आल्या. पण बऱ्याचशा पातीवरच बसल्या, चाटलं आणि उडून गेल्या. काही फुलात गेल्या, नाही असं नाही. बिनगुळाच्या बाजूला थोड्याच आल्या, पण आल्या त्या सरळ फुलात. कोणत्या बाजूला बी जास्त भरतं, ते कापणीनंतर कळेल. त्यामुळे गूळ मारावा की मारू नये, हे मी तुला अजून सांगू शकत नाही. यंदा तू सगळ्या मळ्याला मारला असशील. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

सरू, हे थोडं तुझ्यासाठी. माशी पातीवरच गूळ चाटते आणि निघून जाते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वाफ्यात उकिडवी बसून बघत होते आणि पहिली माशी पातीवरून तशीच उडून गेली, तेव्हा तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी तुला हाक मारणार होते. तू पेरू खाताना विचारलंस ते खरं निघालं. एवढं मी बिनधास्त लिहू शकते, म्हणून लिहिते. पण प्रश्न खरा असणं आणि आपला मळा कशानं गेला हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचं उत्तर लख्ख उन्हातल्या वाफ्यात नाही.

आणखी एक. मॅडम म्हणतात, आपल्या पिशोरच्या मळ्याचं वर्ष प्रबंधात धरता येणार नाही, कारण ढीग एक झाला. म्हणजे ज्या मळ्यात हे सुरू झालं तो मळाच त्यात नसणार. मी वाद घातला नाही. त्यांचं बरोबर आहे. त्या म्हणाल्या, "प्रस्तावनेत मुलीचं नाव घाल. प्रश्न तिचा आहे." मी म्हटलं, आधी तिला विचारते. छापलेलं नाव म्हणजेही एक प्रकारे बोट दाखवणंच झालं, आणि तुझ्या आईनं ज्यासाठी ढीग कालवला तेच मी पुस्तकात करायचं, हे मला नको. तू नाही म्हटलंस तर "एका शाळकरी मुलीनं" असं लिहीन. पण तेही खरं नसेल. तू आता शाळेत जात नाहीस.

पत्रात "अण्णा विचारतात" आहे. ते खरोखर अण्णा विचारतात की कोण, हे मी कधी विचारणार नाही.

दादा, आता तुझ्या प्रश्नाकडं येते. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, मॅडमकडं नाही आणि कोणत्या पुस्तकातही सापडलं नाही. ढगात माशी कमी उडते हे छापलेलं आहे. त्या दिवसांत आपल्या मळ्यात ती आली की नाही, आली तर कोणत्या बाजूला आली, हे कुठं छापलेलं असणार? बी कालवलं गेलं. मी इथं परीक्षा घेत होते. तू पलीकडच्या रानात गव्हाला पाणी देत होतास. मळ्यात रोज एकच माणूस उभं राहत होतं.

सरू, इथंपर्यंत काय गाळायचं ते तू ठरव. पुढचं गाळू नकोस. माझ्यासाठी नको, पण अण्णांना ते ऐकू दे.

दादा, सरूला विचार. आभाळ भरलेलं होतं तेव्हा विहिरीकडं, गुळाच्या बाजूला, माशा येत होत्या का, आणि बाभळीकडं, बिनगुळाच्या बाजूला, येत होत्या का. ती तिथं होती आणि तिनं बघितलंय. एका लहान मुलीनं आठवून सांगितलेलं मॅडम प्रबंधात घेणार नाहीत, हे मी आधीच सांगते. पण मी ते खरं धरीन. आणि तूही धर.

मला या पत्राची भीती वाटते आहे. दोन्हीकडं माशा नव्हत्याच, असं तिनं सांगितलं तर बरंच झालं. मग ढगांनी गेलं म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पण विहिरीकडं येत होत्या, बाभळीकडं येत नव्हत्या, असंही ती सांगेल कदाचित. तसं असलं तर ती तसंच सांगेल. वर्षभर ती गप्प का आहे, याचा मी पुष्कळ विचार केला. प्रत्येक वेळी मी इथंच येऊन थांबते की तिनं काहीतरी बघितलं असेल आणि ते तिला एकटीला माहीत असेल. मी चुकत असेन. चुकत असले तर फार बरं होईल.

मला यायला जमत नाही. गोंडे फुललेले असताना वाफे सोडता येत नाहीत. मॅडम म्हणतात, जा, मी बघते, पण त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना वाफ्यात बसवत नाही. आले असते तरी मी काय केलं असतं? मी तिच्यासमोर पुन्हा "मला माहीत नाही" म्हणत बसले असते. तुला तसं म्हणावं लागणार नाही. तू तिचा बाप आहेस, तुला फक्त ऐकायचं आहे.

विचारण्याआधी तिला जवळ बसवून घे. वहिनीलाही बोलाव. आणि ती काहीही म्हणाली तरी उठून जाऊ नकोस.

मनकर्णा